पंचवीस तारखेची दुपार

पहिल्यांदाच मिशनवर नाताळ करणाऱ्याला जो तो चोवीसच्या रात्रीबद्दल सांगत असतो. घरची आठवण येईल, मध्यरात्रीच्या मिस्साला डोळे भरून येतील, मन घट्ट कर. प्रत्यक्षात चोवीसच्या रात्री रडायला कुणाला सवड नसते. वेदी सजवायची असते, जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते बघायचं असतं, गायनवृंदातल्या मुख्य मुलीचा घसा नेमका आजच बसलेला असतो आणि गोठ्यातला बाळ येशू गेल्या वर्षी कुठल्या कपाटात ठेवला हे कुणालाच आठवत नसतं. त्या रात्री आपण दमून, पायातले मोजेही न काढता झोपतो.

आठवण येते ती पंचवीसला, दुपारी दोनच्या पुढे. मिस्सा झालेला असतो. गावातली माणसं जेवायला आपापल्या घरी गेलेली असतात. वसतिगृहातली मुलं सुट्टीवर गेल्यामुळे आवारात सामसूम असते. भांडी घासून पालथी घातलेली असतात आणि आपण खोलीत एकटे. याच वेळी वसईला किंवा नगरला किंवा मडगावला आपल्या घरी दुसरी पंगत बसलेली असणार, काका तेच जुने विनोद सांगत असणार, कुणीतरी चुलत भाचरू रुसून गच्चीवर गेलेलं असणार, हे सगळं आपल्याला वेळेनिशी पाठ असतं. जड जाते ती ही वेळ. म्हणून मिशनवर निघालेल्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं असतं की तयारी रात्रीची करू नका, रात्र आपोआप निभते. पंचवीसच्या दुपारी दोन ते सहा आपण कुठे असणार आणि कुणाबरोबर असणार, एवढं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरवून टाका.

काय ठरवायचं? खोलीत फोन घेऊन पडायचं नाही, हे नक्की. दुसऱ्यांच्या घरचे फोटो बघत दुपार काढली की संध्याकाळी डोकं दुखतं, मन तर त्याहून. त्यापेक्षा ज्याच्या घरी त्या दिवशी कुणी जाणार नाही असं एक घर शोधून ठेवा. गावोगावी एखादी एकटी म्हातारी असते, मुलगा सुरतेला किंवा पंजाबात मजुरीला गेलेला असतो. अंथरुणाला खिळलेला एखादा रुग्ण असतो, मिस्साला येऊ न शकलेला. तिथे जाऊन तासभर बसा. उपदेश नको, मोठी प्रार्थनाही नको. चहा देतील तो प्या. अशा भेटीला ‘सेवा’ म्हणायची सवय आपल्याला असते, पण त्या दिवशी सोबतीची गरज दोन्ही बाजूंना असते आणि ते समोरच्यालाही कळत असतं. भेट झाल्यावर परत येताना सरळ रस्त्याने न येता लांबून या. अंधार पडेपर्यंत बाहेर राहिलं की निम्मं काम झालेलं असतं.

झोप येत असेल तर झोपा. आदल्या रात्रीचं जागरण असतं आणि बरंचसं दुःख हे निव्वळ थकव्याचं असतं.

आता थोडं मागे जाऊ. घरचा नाताळ आणि मिशनवरचा नाताळ यांत मुख्य फरक असा की घरी आपण पाहुणे असतो, इथे यजमान. घरी सगळं आयतं पुढे येतं आणि आपण फक्त नव्या कपड्यांत मिरवायचं असतं. मिशन केंद्रावर शेकडो माणसं चालत येणार, त्यांची पेंढ्यावर झोपायची सोय, पाणी, शेकोटीची लाकडं, सकाळची चहा-रोटी हे सगळं आपल्या अंगावर येतं. शिवाय एका फादरकडे अनेक उपकेंद्रं असली की ‘मध्यरात्रीचा’ मिस्सा एका गावात संध्याकाळी सहाला होतो, दुसऱ्यात दहाला आणि तिसऱ्या गावाचा नंबर सव्वीसला लागतो. पहिल्या वर्षी हे ऐकून धक्का बसतो. आपल्या मनातला नाताळ घड्याळाच्या बाराच्या ठोक्याला बांधलेला असतो ना.

यावर उपासना वर्षातच सोय आहे, आपण ती वापरत नाही एवढंच. नाताळचा सण पंचवीसला संपत नाही. त्याचा आठ दिवसांचा उत्सव १ जानेवारीपर्यंत चालतो आणि ६ जानेवारीला तीन राजांचा सण येतो. गोव्यात रेइश मागुश, चांदर आणि कासावली इथे तो किती थाटात होतो ते पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. तेव्हा ‘आपला’ नाताळ, म्हणजे घरच्यांशी निवांत बोलण्याचा, पत्र वाचण्याचा, स्वतःसाठी काही गोड करून खाण्याचा दिवस, काम ओसरल्यावर २७ किंवा २८ ला ठेवायला काहीच हरकत नाही. आमच्या केंद्रातल्या एका सिस्टर घरून आलेलं पार्सल ६ जानेवारीपर्यंत फोडत नसत. तेवढा संयम माझ्यात नव्हता, पण कल्पना चांगली आहे.

मी छोटानागपूरच्या पट्ट्यात काही वर्षं होते, म्हणून उदाहरणं तिथली देते. गुमला, सिमडेगा, खुंटी हे झारखंडातले जिल्हे. उराँव, मुंडा आणि खडिया या आदिवासी समाजांतली हजारो ख्रिस्ती कुटुंबं इथे आहेत आणि त्यांच्याकडे ख्रिस्ती श्रद्धा काही पिढ्यांची जुनी आहे. ‘आपण नाताळ घेऊन तिथे चाललो आहोत’ असा समज घेऊन कुणी जात असेल तर तो रांची स्टेशनवरच सोडावा. त्यांचा नाताळ त्यांच्याकडे भरभरून आहे. धानाची कापणी उरकलेली असते, हातात थोडा वेळ आणि घरात नवा तांदूळ असतो. मिस्सा संपला की अंगणात मांदर वाजायला लागतो, बायका हातात हात गुंफून रांग धरतात आणि पहाटेपर्यंत गोल फिरत नाचतात. गाणी सादरी, कुडुख, मुंडारी किंवा खडियात. थंडी अशी की बोटं वळत नाहीत. वसई-गोव्याकडच्या माणसाला ही थंडी ठाऊक नसते. नोव्हेंबरात येताना स्वेटर, लोकरीचे मोजे आणि कानटोपी आणा. निम्मी उदासी थंडी वाजल्यामुळे असते, असं माझं साधं निरीक्षण आहे.

पहिली गोष्ट करायची ती ही की आगमनकाळ सुरू झाला की गावातल्या एखाद्या वयस्क बाईला विचारायचं, तुमच्याकडे नाताळला काय काय करतात? मग ऐकायचं. ‘आमच्याकडे ना’ हे शब्द पहिल्या वर्षी शक्यतो तोंडातून काढू नका. तिथल्या भाषेतलं एक तरी नाताळगीत अर्थासकट पाठ करा, उच्चार चुकले तर पोरं हसतील आणि हसली की ओळख झाली. नाचात ओढलं तर जा. पायाचा ठेका पहिल्या अर्ध्या तासात जमत नाही, पण रांगेतल्या दोन्ही बाजूंच्या बायका तुम्हाला बरोबर खेचून नेतात.

गोठाही तिथल्यासारखा करा. घरून प्लास्टिकचं गवत आणि कापसाचा बर्फ मागवू नका. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी पहिला जिवंत देखावा मांडला तो गवत, खराखुरा बैल आणि गाढव घेऊनच, जे आसपास होतं त्यातून. झारखंडात पेंढा, बांबू, साल वृक्षाची पानं आणि मातीचे बैल बनवणारी मुलं, सगळं दाराशी आहे. मुलांनी केलेला गोठा थोडा तिरका होतो. सरळ करायला जाऊ नका.

मग घरचं काहीच ठेवायचं नाही का? ठेवायचं, पण एकच. सगळं घर तिथे उभं करायला निघालात तर प्रत्येक गोष्टीत काहीतरी उणं निघेल आणि दिवसभर तेच टोचत राहील. एक पदार्थ निवडा किंवा एक गाणं, नाहीतर एक प्रार्थना. मी नेवऱ्या निवडल्या होत्या. नारळ मिळायचा तो बाजाराच्या गावी पूजेच्या दुकानात, हलवला की आतलं खोबरं खुळखुळायचं. मग तीळ भाजून कुटले, त्यात गूळ आणि वेलचीऐवजी सुंठ घातली. मैदा मिळाला. तूप परवडणारं नव्हतं आणि तेल म्हणाल तर तिकडे मोहरीचं. कच्च्या मोहरीच्या तेलात नेवरी तळली तर ती खाववत नाही, म्हणून तेल आधी धूर निघेपर्यंत कडकडीत तापवायचं, मग कढई उतरवून पूर्ण निवू द्यायचं आणि पुन्हा चुलीवर ठेवून तळायला घ्यायचं. वास पूर्ण जात नाही, पण उतरतो. पाऱ्या कापायला कातण नव्हतं, दूध पावडरच्या डब्याच्या झाकणाने कापल्या. वसतिगृहातल्या दोन मोठ्या मुली अजून घरी जायच्या होत्या, त्यांना मुरड घालायला शिकवली. एकीचा हात तिसऱ्या-चौथ्या नेवरीलाच बसला. दुसरीने कडा नुसत्या दाबल्या आणि तिच्या सगळ्या नेवऱ्या तेलात उमलल्या, तीळ तळाला जाऊन करपले. रस्त्यापलीकडच्या दुकानातल्या बाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, अहो ही तर पेडकिया, आम्ही तीजला करतो. त्या बदल्यात गावातून ताटभर अरसा आला, तांदळाचं पीठ आणि गुळाचा, तळलेला, चवीला थेट आपल्या अनारशाच्या घरातला. घरची चव काही मिळाली नाही. पण त्या दिवसापासून स्वयंपाकघरात मला कुणी पाहुणी समजलं नाही.

नेमणूक परदेशात असेल तर आणखी दोन-तीन गोष्टी आधी माहीत हव्यात. जपानमध्ये २५ डिसेंबर हा कामाचा दिवस असतो, दुकानं-कचेऱ्या चालू, त्यामुळे लोक मिस्साला संध्याकाळी कामावरून थेट येतात. इथिओपियातलं ऑर्थोडॉक्स मंडळ नाताळ ७ जानेवारीला करतं, तिथे २५ तारखेला आसपास सणाची चाहूलही नसते आणि आपला दिवस कोरडा गेला असं वाटतं. मग ७ ला शेजाऱ्यांबरोबर पुन्हा नाताळ करावा, दोन मिळाले तर कोण नाही म्हणतो! फिलिपाइन्समध्ये उलट, १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे मिस्सा असतो आणि चर्च भरून वाहतं, तिथे एकटं वाटायला उसंतच मिळत नाही. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा.

वेळेचा हिशेब आधीच कागदावर मांडून ठेवा. महाराष्ट्रात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा नैरोबीत साडेनऊ, लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसहा आणि ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. मनिलात मात्र पहाटेचे अडीच. आईला हे तोंडी सांगून उपयोग नाही, फ्रिजवर चिकटवून ठेवायला लिहून पाठवा.

फोनचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लॅटर-डे सेंट्स या मंडळीत तरुण मुलगे दोन वर्षांसाठी आणि मुली दीड वर्षासाठी मिशनवर जातात. फेब्रुवारी २०१९ पर्यंत त्यांना घरी फोन करता यायचा तो साधारण वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी पत्रं आणि ईमेल. त्यानंतर नियम बदलला आणि आता आठवड्यातून एकदा घरच्यांशी बोलता येतं. त्यांचा पंथ वेगळा, शिकवण वेगळी, पण या बदलातून आपण घेण्यासारखं आहे. वर्षभराचं सगळं एका फोनमध्ये कोंबायचं म्हटलं की तो फोन कुणालाच पेलत नाही. अर्धा वेळ रडण्यात जातो, उरलेला ‘ऐकू येतंय का’ यात. तेव्हा तुमच्या संस्थेचा नियम परवानगी देत असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच ठरावीक वारी, ठरावीक वेळी घरी बोलायला लागा. मग नाताळचा फोन हलका राहतो.

त्या दिवशी दोन फोन करा. एक चोवीसला संध्याकाळी, मिस्साच्या आधी, पाच मिनिटांचा. आशीर्वाद मागायचा, द्यायचा आणि ठेवायचा. दुसरा सव्वीसला, निवांत, ज्याच्याशी खरंच बोलायचं आहे त्याच्याशी. पंचवीसच्या दुपारी व्हिडिओ कॉल टाळा. तिकडे फोन टेबलावरून हातोहात फिरतो, प्रत्येक जण ‘कशी आहेस, जेवलीस का’ एवढंच विचारून पुढच्याकडे देतो, मागे गाणी चालू असतात, शेवटी कुणीतरी फोन बशीला टेकवून ठेवतो आणि आपण दहा मिनिटं घरचं छत बघत बसतो. फोन संपल्यावर जे वाटतं ते न केलेल्या फोनपेक्षा वाईट असतं. दुर्गम केंद्रात तर चोवीस-पंचवीसला नेटवर्कही भरवशाचं नसतं. अमुक वेळी फोन आला नाही तर काळजी करू नका, असं घरी आधीच सांगून ठेवा.

हे झालं जाणाऱ्यांसाठी. आता थोडं घरच्यांशी बोलते.

‘तू नाहीस तर नाताळ कसला’ हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटलं तरी फोनवर म्हणू नका. पलीकडच्या माणसाला त्यावर देता येईल असं उत्तरच नसतं. त्यापेक्षा काय शिजतंय, कोण आलंय, धाकट्याने गोठ्यात यंदा काय उपद्व्याप केला ते सांगा. तपशील ऐकला की लांबच्या माणसाला घरात असल्यासारखं वाटतं. आणि वाईट बातमी असेल तर लपवू नका. आजी दवाखान्यात आहे आणि तुम्ही सगळे ठरवून ‘ती झोपली आहे’ म्हणता, तेव्हा तुमचा आवाज सगळं सांगत असतो. नाताळ होऊन जाऊ द्या, मग सांगू, असा विचार दयाळू वाटतो खरा, पण नंतर कळलं की त्या माणसाचा तुमच्या प्रत्येक ‘सगळं ठीक’ वरचा विश्वास जातो. कोणती बातमी लगेच कळवायची आणि कोणती थांबू शकते हे जाण्यापूर्वीच एकमेकांना विचारून घ्या.

पार्सल पाठवायचं तर नोव्हेंबरच्या पंचवीसपर्यंत टपालात पडलं पाहिजे. नाताळच्या तोंडावर टपाल तुंबतं आणि जिल्ह्याच्या गावापासून केंद्रापर्यंतचा शेवटचा टप्पा कुणाच्या तरी मोटरसायकलवर होतो. नेवऱ्या पाठवू नका, चुरा पोहोचतो. शंकरपाळ्या, कलकल, डोदल, घट्ट फ्रूट केक हे टिकतं. डबा गच्च भरा, मध्ये कागद दाबा, हलवून आवाज येत नाही ना बघा. परदेशी पाठवताना त्या देशाचे सीमाशुल्काचे आणि खाद्यपदार्थांचे नियम आधी बघा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत आणि घरगुती पदार्थ सरळ फेकले जातात. खाऊबरोबर हाताने लिहिलेलं पत्र हवंच. प्रत्येकाने चार ओळी, अगदी व्याकरणाच्या चुकांसकट. संदेश येतात आणि वर सरकून जातात, पत्र बायबलमध्ये ठेवून मार्चमध्येही वाचता येतं.

आणखी एक. तुमची मुलगी सिमडेग्यात असेल तर सिमडेग्याची एखादी मुलगी मुंबईत कुणाच्या तरी घरी कामाला असण्याची शक्यता बरीच आहे. झारखंडातून घरकामासाठी आलेल्या कितीतरी ख्रिस्ती मुली मुंबई-ठाण्यात नाताळ एकट्या काढतात, काहींना तर मिस्सालाही सोडत नाहीत. नर्सिंग शिकणाऱ्या मुली आहेत, बांधकामावरचे मुलगे आहेत. तुमच्या धर्मग्रामातल्या फादरांना विचारलंत तर कळेल. रिकाम्या खुर्चीकडे बघत जेवण्यापेक्षा त्या खुर्चीवर तिला बसवा. मिशन फक्त एका दिशेने चालतं असं थोडंच आहे!

केंद्रप्रमुखांना आणि सुपिरिअर सिस्टर्सना सांगण्यासारखं थोडकं आहे. नवीन आलेल्या माणसाला पंचवीसच्या दुपारी फाटकावर किंवा एकट्याने स्वयंपाकघरात ठेवू नका. सवय व्हावी म्हणून असं करणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत, सवय होत नाही, कडवटपणा येतो. तुमच्या घरात तमिळ, मिझो, मल्याळी, मराठी अशी चार माणसं असतील तर सणाच्या आठवड्यात प्रत्येकाला एकेक जेवण नेमून द्या, ज्याच्या त्याच्या घरचं. मिझोरमचा मुलगा रुआइबद्दल, म्हणजे त्यांच्याकडच्या गावजेवणाबद्दल, बोलायला लागला की थांबत नाही, त्याला बोलू द्या. आणि बाहेर नाताळगीतं गात फिरायचं किंवा ध्वनिवर्धक लावायचा असेल तर परवानगीचा अर्ज आठवडाभर आधी ठाण्यात द्या आणि गावच्या मुखियाला कल्पना द्या. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला एरवी बंदी असते, राज्य सरकार वर्षातल्या मोजक्याच दिवशी बारापर्यंत सूट देतं, त्या यादीत नाताळ आहे का ते विचारून घ्या. ऐन रात्री वाद झाला तर त्याचा ताण सगळ्यात नवख्या माणसावर पडतो.

घरची आठवण येणं म्हणजे पाचारणात काहीतरी खोट आहे, असं अनेक तरुणांना वाटतं आणि ते गप्प बसतात. इतिहास तसं सांगत नाही. गोव्याचे संत जोसेफ वाझ १६८७ साली मजुराच्या वेशात सिलोनला पोहोचले. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातलेली होती. पुढची जवळपास दहा वर्षं त्यांना तिथे दुसऱ्या धर्मगुरूची सोबत नव्हती, पण गोव्यातल्या आपल्या माणसांना ते पत्रं लिहीत राहिले आणि मदत येईपर्यंत त्यांनी ती मागणं सोडलं नाही. दुसरं उदाहरण बॅप्टिस्ट मिशनरी लॉटी मून यांचं. त्या १८७३ साली चीनला गेल्या. १८८७ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या बायकांना लिहिलं की नाताळच्या आधीच्या आठवड्यात मिशनसाठी वर्गणी गोळा करा, आणि त्यामागे एक अगदी मानवी कारण होतं. आणखी माणसं आल्याशिवाय त्यांना रजेवर घरी जाता येत नव्हतं. पुढच्या वर्षी पैसे जमले, माणसं आली. ती वर्गणी आजही त्यांच्या नावाने नाताळला जमते. त्या स्वतः मात्र १९१२ साली घरी परतताना २४ डिसेंबरला जपानच्या कोबे बंदरात जहाजावरच वारल्या. या दोघांनाही माणसं हवी होती आणि त्यांनी तसं लिहून कळवलं. तुम्हीही कळवा.

मात्र आठवण आणि आजार यांतला फरक ओळखायला हवा. दोन-चार दिवस उदास वाटणं, जेवणावरची वासना थोडी कमी होणं, हे होतंच आणि जानेवारीत शाळा सुरू झाली की जातं. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, अन्न नको वाटत असेल, प्रार्थनेला उभं राहायचाही कंटाळा येत असेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर ते ‘आध्यात्मिक कोरडेपण’ म्हणून सोडून देऊ नका. सुपिरिअरला सांगा, डॉक्टरकडे जा. भारतात कुठूनही १४४१६ या क्रमांकावर सरकारच्या टेली-मानस सेवेशी चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. आपल्या संस्थांमध्ये ताप आला तर लगेच गाडी काढतात आणि मनाला ताप आला तर नऊ दिवसांची नोव्हेना सांगतात. नोव्हेना करा, गाडीही काढा.

सणाचा आठवडा संपला, पाहुणे पांगले, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याला परत गेली की एका वहीत थोडं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुमची बदली झालेली असेल आणि कुणी नवीन मुलगी किंवा मुलगा त्याच खोलीत उतरेल. कुठल्या गावातल्या कुठल्या आजीकडे दुपारी जायचं, तिला चहात मीठ लागतं की साखर, पेंढा कुणाच्या शेतातून मागायचा, जनरेटर कुठला माणूस दुरुस्त करतो, फोनला रेंज आवाराच्या कोणत्या कोपऱ्यात मिळते, बाळ येशूची मूर्ती कोणत्या कपाटाच्या कोणत्या खणात ठेवली आहे, आणि मोहरीचं तेल तळणाआधी धूर निघेपर्यंत तापवायचं.